नळवाल्या शंकरप्पांची पहिली रजा

आमच्या गावाहून हैदराबादला जायचं तर रस्ता अगदी सरळ आहे. उदगीर गाठायचं, रेल्वेत बसायचं आणि भाजलेल्या शेंगा फोडत खिडकीबाहेर बघायचं. पाच तासांत हैदराबाद. आम्ही मात्र २०१९ च्या मे महिन्यात त्याच हैदराबादला जायला आधी उलट्या दिशेनं नांदेडला गेलो आणि तिथून विमानात बसलो. याला द्राविडी प्राणायाम म्हणतात हे मला माहीत आहे. लातूरच्या शाळेत मी मराठीच शिकवते. पण हा उद्योग मी पूर्ण शुद्धीवर असताना केला, आणि त्याचं कारण माझे वडील.

वडील म्हणजे शंकरप्पा, माझे अप्पा. जळकोटच्या अलीकडं आमचं गाव आहे, तिथं त्यांना नळवाला शंकरप्पा म्हणतात. ब्याऐंशी साली लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हा आता गावाला काय काय मिळणार याची लोकांनी मोठी यादी केली होती. त्या यादीतली पाण्याची टाकी तेवढी खरी निघाली. टाकीमागून नळ आले, नळांसाठी जमिनीत सात व्हॉल्व्ह बसले आणि ते फिरवायला ग्रामपंचायतीनं एकवीस वर्षांच्या अप्पांना ठेवलं. कमरेइतकी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकून ते पहाटे घराबाहेर पडायचे, ते कधी परत येतील हे अव्वालासुद्धा सांगता यायचं नाही. अव्वा म्हणजे माझी आई, कमलम्मा.

गावात लग्न निघालं की मुहूर्त अय्या, म्हणजे गावचे जंगम, काढायचे, पण तारीख पक्की व्हायची अप्पांना विचारून. त्या दिवशी त्या आळीला पाणी असेल तर मुहूर्त शुभ. पाणी आलं की लोक देवाचे आभार मानायचे, नाही आलं की अप्पांच्या आईबापाचा उद्धार करायचे. अप्पांना दोन्हीचं काही वाटायचं नाही. दुष्काळात पाळी चार दिवसांवरून आठ दिवसांवर गेली, आठावरून बारावर गेली, तशी त्यांची किंमत वाढतच गेली. सोळा साली तर लातूरला पाणी रेल्वेनं आलं. तेव्हा मी त्यांना म्हणालेसुद्धा, "अप्पा, पाण्यानं प्रवास केला, तुमी कधी करणार?"

"पाण्याला काय, त्याला रिकामा वेळ हाय," ते म्हणाले.

खरी गोम वेशीतल्या व्हॉल्व्हमध्ये होती. तो तिसरा व्हॉल्व्ह पहिल्यापासून आडमुठा. इतर कुणी फिरवला की अडकायचा. अप्पांनी हात लावला की गुमान फिरायचा. त्याची युक्ती काय, हे सरपंचांनी विचारलं, ग्रामसेवकांनी विचारलं, जळकोटहून आलेल्या साहेबांनीही विचारलं. अप्पांचं उत्तर एकच. "हाताला कळतं ते. तोंडानं सांगता येत न्हाई."

या एका व्हॉल्व्हनं माझं लहानपण खाल्लं, असं मी म्हटलं तर तुम्ही म्हणाल बाई जरा जास्तच बोलते. म्हणून सांगते.

मी तिसरीत होते. हैदराबादला जायचं ठरलं होतं, प्राणिसंग्रहालय बघायला. शाळेत मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की मी वाघाला जवळून बघणार आहे. फाट्यावर एस्टी आली. अव्वा आणि मी चढलो, अप्पांचा एक पाय पायरीवर होता. तेवढ्यात गावाकडून सायकलवर एक माणूस ओरडत आला, "शंकरप्पा, येशीत पाणी न्हाई!" अप्पांनी पाय खाली घेतला. "आलोच," म्हणाले. कंडक्टर भला माणूस, त्यानं दोन मिनिटं गाडी थांबवली. मग त्यानं आम्हांलाही उतरवलं. अव्वानं फाट्यावरच धपाटे सोडले, आम्ही दोघींनी खाल्ले आणि दिवस मावळायला घरी चालत आलो. मी चार दिवस अप्पांशी बोलले नाही. त्यांना ते कळलंच नाही, कारण ते घरी नव्हते.

पुढं माझ्या लग्नातही असंच. अक्षता पडल्या आणि मागं वळून बघते तर अप्पा टाकीवर. पंगतीला पाणी कमी पडत होतं म्हणे. निदान ते तरी माझ्यासाठी गेले होते, अशी मी मनाची समजूत घालते.

आता त्यांची नोकरी संपायला सहा महिने उरले होते. मला दोन पोरं. थोरली सहा वर्षांची, कागदावर सिद्धम्मा, सासूबाईंचं नाव, घरात सिद्धी. धाकटा अडीच वर्षांचा बसू. सिद्धी मागच्या दिवाळीपासून एकच धोशा लावून बसली होती, "अज्जासंगं फिरायला जायचं." अज्जा म्हणजे आजोबा. पोरीनं माझंच वाक्य उचललं होतं. फरक एवढाच की मी ते बोलायचं सोडून दिलं होतं. आणि मी ठरवलं की या पोरीला फाट्यावर बसून धपाटे खायला लावायचे नाहीत. एस्टीतून माणूस उतरतो, रेल्वेतूनही उतरतो. पण विमान एकदा उडालं की कुणीही सायकलवर येऊन हाक मारू शकत नाही. म्हणून नांदेड, म्हणून विमान. माझ्या नवऱ्यानं, चन्नबसप्पांनी, मोबाईलवर तिकिटं काढली. स्वतः मात्र आले नाहीत. त्यांचं लातूरला भांड्यांचं दुकान आहे आणि मे महिन्यात लग्नसराईत भांडेवाला सुट्टीवर गेला तर लोक जावयाला आहेर काय करतील?

अप्पांनी सदतीस वर्षांत पहिल्यांदा रजेचा अर्ज केला. पाच दिवसांची रजा. 'कारण' या रकान्यात लिहिलं, "विमान." ग्रामसेवकांनी अर्ज दोनदा वाचला आणि चहा मागवला. पाच दिवस व्हॉल्व्ह फिरवायचं काम पंचायतीचे शिपाई बसलिंगप्पा यांच्याकडं आलं. ते अप्पांच्याच वयाचे, शांत गृहस्थ. अप्पांनी त्यांना चावी दिली, कोणत्या आळीची पाळी कधी ते सांगितलं. तिसऱ्या व्हॉल्व्हची युक्ती सांगितली नाही. "त्याची पाळी येईस्तोवर मी परत येतो," म्हणाले. दिवस मोजताना त्यांची चूक झाली की त्यांनी मुद्दाम चूक केली, हे मला आजही ठाऊक नाही.

नांदेडच्या विमानतळावर जीपमधून उतरताना मी बघितलं, तर अप्पांच्या हातात पाच लिटरचा पाण्याचा कॅन.

"अप्पा, हे काय?"

"पाणी."

"ते दिसतंय. कशाला?"

"लेकरांला भायेरचं पाणी बाधतंय. आपल्या टाकीचं हाय, सकाळी सोताच्या हातानं भरलंय."

"हैदराबादला पाणी नाही का?"

"हाय. पन ते कुणी सोडलेलं हाय, आपल्याला काय म्हाईत?"

इकडं बसू माझ्या कडेवरून विमान, विमान असं ओरडत होता आणि सिद्धीनं विमानतळाच्या फरशीवर घसरायचा खेळ सुरू केला होता. लहान पोरं घेऊन प्रवास करणाऱ्या बाईला एका वेळी एकाच माणसाशी भांडता येतं. मी अप्पांना सोडलं आणि सिद्धीला धरलं.

तपासणीच्या रांगेत अव्वाच्या गळ्यातल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीमुळं यंत्र वाजलं. मला धसका बसला, कारण अव्वानं जन्मात ते अंगावेगळं केलेलं नाही. पण तपासणीची पोलीस बाई रेणापूरकडची निघाली. "राहू द्या अव्वा, आमच्या बी घरी हाय," म्हणाली आणि हातानं चाचपून सोडून दिलं. अप्पांचा कॅन मात्र तिनं बाजूला काढला.

"काका, प्यायची बाटली न्या. हा एवढा कॅन न्हाई जायचा आत."

"मग काय करू?"

"तिकडं बेसिन हाय. वतून द्या."

अप्पांनी तिच्याकडं असं बघितलं की जणू तिनं बसूलाच बेसिनमध्ये ओतायला सांगितलं. बारा दिवसांनी नळाला येणारं पाणी, ते बेसिनमध्ये! माझाही हात कॅनकडं गेला, खोटं कशाला बोलू. लातूरकडच्या माणसाला तुम्ही पाहिजे ते टाकायला सांगा, पाणी सांडायला सांगू नका.

"वतत न्हाई. पितो," अप्पा म्हणाले.

पिशवीतून त्यांनी स्टीलचा पेला काढला आणि रांगेच्या कडेला उभं राहून पंगत सुरू केली. पहिला पेला सिद्धीला, दुसरा बसूला, तिसरा अव्वाला, चौथा मला. मग पुन्हा सिद्धीला. "पी गं माय, आपलंच हाय." आमच्या मागं हैदराबादचं एक शीख जोडपं होतं, गुरुद्वाऱ्याचं दर्शन करून निघालेलं. अप्पांनी त्यांनाही पेला दिला. सरदारजींनी दोन्ही हातांनी घेतला, पिऊन तोंड पुसलं आणि म्हणाले, "मीठा है चाचा, और पिलाओ." अप्पांची छाती अशी फुगली की विमानाशिवाय उडाले असते. सरदारजी तीन पेले प्यायले. पोलीस बाईनंही एक घेतला. कॅन रिकामा झाला, थेंबभर पाणी वाया गेलं नाही, आणि अप्पा विजयी वीरासारखे आत आले.

विमानात बसायच्या आधी एवढं पाणी प्यायची चूक फक्त आमच्याकडचीच माणसं करू शकतात. अर्ध्या तासानं, जेव्हा विमानात बसायला चला अशी घोषणा झाली, तेव्हा ते सगळं पाणी बसूच्या पोटातून खाली आलं होतं.

"आई, शू."

"विमानात जाऊ बाळा."

"आत्ता!"

अडीच वर्षांच्या पोराचं आत्ता म्हणजे आत्ता. मी त्याला उचललं. अव्वा म्हणाली, मला बी जायचंय. मी अप्पांना सांगितलं, "सिद्धीला आणि पिशव्यांना बघा. इथून हलू नका." आणि आम्ही तिघं पळालो. बसूला तिथल्या पांढऱ्याशुभ्र संडासाची भीती वाटली, म्हणून त्याला समजावण्यात पाच मिनिटं गेली. मग त्याला हात वाळवायच्या यंत्राचा नाद लागला, त्यात आणखी दोन.

परत येऊन बघते तर रांग जवळजवळ संपलेली. खुर्चीवर सिद्धी एकटी बसलेली, मांडीवर माझी पिशवी. शेजारी सरदारजींची बायको तिच्यावर नजर ठेवून उभी. अप्पा नाहीत.

"अज्जा कुठं गं?"

"अज्जाला गावाकडून फोन आला. येशीत पाणी न्हाई म्हणले. अज्जा म्हणला, आलोच."

पस्तीस वर्षांची बाई मी, चाळीस पोरांचा वर्ग एका नजरेनं गप्प करते, पण त्या क्षणी मी पुन्हा फाट्यावर उभी होते आणि एस्टी निघून चालली होती. अव्वानं माझ्याकडं बघितलं. तिनं नुसता पदर खोचला. तिला सवय होती. मला त्या सवयीचाच सगळ्यात जास्त राग आला.

दाराशी उभ्या पोलिसाला विचारलं. तो म्हणाला, "एक धोतरवाले काका भायेर कसं जायचं ते विचारून राहिले होते."

म्हणजे गेले. मी मनात म्हटलं, जाऊ दे रुद्राणी, तुझे वडील तुझे नाहीतच, ते वेशीतल्या आळीचे आहेत. आता पोरांना घेऊन विमानात बस, परत आल्यावर त्यांच्याशी कायमचं बोलणं बंद कर. हे असं सगळं मी ठरवलंसुद्धा. तिकीट तपासणारी मुलगी आमची नावं पुकारत होती. शंकरप्पा हे नाव तिनं तीनदा पुकारलं.

आणि मग मला त्यांचा आवाज ऐकू आला. अप्पांना मोबाईलवर बोलताना मोबाईलची गरज नसते, असं चन्नबसप्पा म्हणतात ते खरं आहे. बाहेर जायच्या दाराशी, खांबाआड, एक हात दाराच्या दांड्यावर ठेवून ते फोनवर ओरडत होते.

"उलटी फिरव! आधी बंद करायच्या बाजूला. हाव, बंदच. अर्धा आटा. आता चावीच्या डोक्यावर दगडानं दोन ठोके दे. हळू रे, ते काय नारळ हाय का? आता उघड. मोज. साडेपाच आटे. सहावा दिलास की अडकला म्हणून समज."

मी जागच्या जागी थांबले. सदतीस वर्षं जे तोंडानं सांगता येत नव्हतं, ते अप्पा अख्ख्या नांदेड विमानतळाला सांगत होते.

"हवा गेली का? फुस्स असा आवाज आला? आला? मग दम धर, आता येतंय पाणी."

"अप्पा," मी म्हणाले, "विमान चाललंय."

त्यांनी मला तळहात दाखवला. फोनवर म्हणाले, "बसलिंगप्पा, कागद घे. न्हाई, आत्ताच घे. बाकीचे बी सांगून टाकतो. पहिला, टाकीजवळचा, चार आटे..."

तिकीट तपासणारी मुलगी धावत आली. गोरीपान, केस घट्ट बांधलेले, चेहऱ्यावर घड्याळ. "मॅडम, गेट बंद होतंय. प्लीज अंकलना सांगा."

मी तोंड उघडलं ते अप्पांना ओरडायला. गेली सत्तावीस वर्षं साठवलेलं सगळं जिभेवर होतं. आणि माझ्या तोंडून निघालं काय?

"ताई, एकच मिनिट. चौथा चाललाय, सातच आहेत."

तिला बिचारीला काय कळणार? मग सरदारजी मध्ये पडले. त्यांनी आपल्या चपलेचा बंद सोडला आणि दारात वाकून तो बांधायला लागले, इतक्या सावकाश की त्यांच्या बायकोलाही हसू आवरेना. अप्पांचा पाचवा झाला, सहावा झाला. सातव्याला त्यांनी नुसतं "ह्यो गरीब हाय, कसाबी फिरव" एवढंच सांगितलं. मग फोन कानापासून काढला, बंद केला आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. कपाळावर घाम.

"चला," म्हणाले. "उशीर होऊन राहिला."

आम्ही विमानाकडं अक्षरशः पळालो. ते छोटं, दोन पंख्यांचं विमान होतं. सिद्धीला खिडकी मिळाली, तिच्याशेजारी अप्पा. पलीकडं मी आणि मांडीवर येण्यासाठी आकांत करणारा बसू. त्याला पट्टा म्हणजे शिक्षा वाटत होती. अव्वा आमच्या मागं, डोळे मिटून लिंग मुठीत धरून. पंखे फिरायला लागले तसा बसू रडायचा थांबला आणि पुढच्या खुर्चीला लाथा मारायला लागला. पुढं सरदारजीच होते. "मारने दो," म्हणाले, "पानी पिलाया है इसके नाना ने."

विमान उडालं. सिद्धी काचेला नाक लावून ओरडली, "अज्जा, घरं काडेपेटीएवढी झाली!" बसूच्या कानात दडे बसले, तो कान धरून भोकाड पसरायला लागला. अव्वानं मागून गुळाचा खडा दिला, तो त्याच्या तोंडात गेला आणि विमानात शांतता झाली. दुसरा खडा अप्पांनी तोंडात टाकला. त्यांचेही कान बंद झाले होते, पण ते मान्य करायला तयार नव्हते. खाली सगळं तांबूस, करडं. एखादं तळं दिसायचं, तेही मधोमध उरलेल्या डबक्यासारखं. अप्पा बराच वेळ ते बघत राहिले.

मग माझ्याकडं वळले. "रुद्राणी, मी दारापत्तर गेलो हुतो."

"माहीत आहे."

"भायेर पडणारच हुतो. मग मनात हिशेब केला. इथून गावाला जायला अडीच तास. तवर पाळी निघून जाती. बारा दिवस आळी कोरडी. मी जाऊन काय बी उपेग न्हवता. सांगितल्याबिगर इलाजच न्हवता."

"मग सांगितलंत ते बरं केलं."

त्यांच्या तोंडातला गुळाचा खडा एका गालातून दुसऱ्या गालात गेला.

"तवा बी सांगता आलं असतं," म्हणाले. कानात दडे बसल्यामुळं ते इतक्या मोठ्यानं बोलत होते की विमानातल्या मराठी समजणाऱ्या प्रत्येकानं ते ऐकलं. "एस्टीच्या टायमाला. तो सायकलवाला उभाच हुता की. दोन शब्दांचं काम. माझीच सांगायची नियत न्हवती. वाटायचं, सांगितलं की संपलं. मग शंकरप्पाला कोण इचारतंय? तू रडून राहिली हुतीस, मला दिसत हुतं. तरी गेलो. चुकलं माझं."

इतकी वर्षं मी अप्पांना गावाचा बळी समजत होते. गाव त्यांना ओढून नेतं आणि त्यांचा नाइलाज होतो, अशी माझी रागातही एक समजूत होती, आणि त्या समजुतीनंच माझा राग सुसह्य झाला होता. आता तो आधारही त्यांनी काढून घेतला. मला रडू यायला हवं होतं. पण अप्पा इतके मोठ्यानं बोलत होते, आणि सगळ्या विमानानं माना वळवून आमच्याकडं असं बघितलं होतं, की मला हसूच फुटलं. हसता हसता डोळे भरून आले. मी त्यांचा हात धरला. चावी फिरवून फिरवून तळहाताला पडलेले घट्टे बोटांना लागले.

"हळू बोला, अप्पा."

"आँ?"

"हळू!"

"मी हळूच बोलून राहिलो," ते ओरडले.

सिद्धीनं त्यांना कोपरानं ढोसलं. तिला ढग दाखवायचा होता. अप्पा वळले आणि ढगात पाणी किती असेल यावर आजोबा-नातीची जी चर्चा सुरू झाली, ती विमान उतरेपर्यंत संपली नाही.

हैदराबादला सामान येईपर्यंत आम्ही त्या फिरत्या पट्ट्यापाशी उभे होतो. बसूला त्या पट्ट्यावर बसायचं होतं, त्याला मी दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. अप्पांनी हळूच फोन काढला आणि सुरू केला. मी बघत होते, पण बघत नसल्यासारखं केलं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, हलवला. दोन मिनिटं गेली. पाच गेली.

"एक बी फोन न्हाई," ते म्हणाले.

"म्हणजे पाणी आलं," मी म्हणाले.

"हाव. आलंच असंल. न्हाई तर आतापत्तर धा आले असते."

त्यांचा चेहरा बघवेना. वेशीतल्या आळीत बायका हंडे भरत असतील, बसलिंगप्पा सरपंचांच्या ओसरीवर चहा पीत असतील, आणि सदतीस वर्षांत पहिल्यांदा कुणालाही शंकरप्पांची आठवण झाली नसेल. मला त्यांची दया आली. खरं सांगायचं तर आनंदही झाला, आणि दोन्ही एकाच वेळी वाटल्याची लाजही वाटली. मराठीची बाई असून एक शब्द सापडेना.

सापडला तो अव्वाला. तिनं पट्ट्यावरची आमची बॅग ओळखली, स्वतः ओढून खाली घेतली, पदर सारखा केला आणि नवऱ्याकडं बघितलं.

"मला तर जन्मात कुणाचा फोन आला न्हाई," ती म्हणाली. "म्हणून काय मी रडत बसले का? चला, पोरं भुकेजली."

अप्पा तिच्याकडं बघतच राहिले. मला वाटतं, तिला कधी कुणी बोलावतं का, हे त्यांनी तिला कधी विचारलंच नव्हतं. मग ते एकदम हसले, आधी नुसते ओठांनी, मग पोट हलवून. फोन त्यांनी कोपरीच्या आतल्या खिशात ठेवला, बसूला माझ्याकडून घेऊन कडेवर बसवलं, सिद्धीला बोट दिलं, आणि बॅग ओढत पुढं निघालेल्या अव्वाच्या मागून, कुठं जायचं ते न विचारता, चालायला लागले.